आमूर नदीचे दोन काठ : रशियाच्या एका सीमाप्रदेशातील भूमी, लोकसंख्या आणि साधनसंपत्ती

प्रस्तावना

लोकसंख्या भूगोलाच्या अध्यापनात ‘घनता’ ही संकल्पना अगदी आरंभीच्या तासांत येते. एकूण लोकसंख्येस क्षेत्रफळाने भागले की उत्तर मिळते. विद्यार्थी ते पाठ करतात, नकाशात गडद-फिकट रंग भरतात आणि प्रकरण पुढे सरकते. परंतु या साध्या भागाकाराच्या पाठोपाठ एक गृहीतक नकळत मनात शिरते. जेथे घनता अधिक तेथे लोकसंख्येचा ‘दाब’ अधिक, आणि उंचावरील पाणी जसे सखल भागाकडे वाहते, तशी माणसेही विरळ प्रदेशाकडे वाहणारच, असे ते गृहीतक होय. काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात आशियाचा लोकसंख्या नकाशा समजावून देत असता एका विद्यार्थिनीने प्रश्न केला होता : ‘सर, रशियाचा हा भाग एवढा रिकामा आहे आणि खाली चीन एवढा भरलेला. मध्ये तर फक्त एक नदी आहे. मग पलीकडची माणसे इकडे का येत नाहीत?’ त्या वेळी सीमा, व्हिसा, थंडी अशी चार कारणे सांगून मी वेळ निभावून नेली. उत्तर अपुरे असल्याची जाणीव मात्र राहिली.

हाच प्रश्न रशियातही दीर्घकाळ विचारला गेला आहे, आणि तोही भीतीच्या स्वरात. जुलै २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी आमूर नदीकाठच्या ब्लागोवेश्चेन्स्क शहरात बोलताना असा इशारा दिला होता की, या प्रदेशाच्या विकासासाठी ठोस प्रयत्न झाले नाहीत तर काही दशकांत येथील लोक प्रामुख्याने चिनी, जपानी वा कोरियन भाषा बोलू लागतील. त्या इशाऱ्यास आता पाव शतक लोटले आहे. प्रत्यक्षात काय घडले, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात आमूर ओब्लास्त या एकाच सीमाप्रदेशाचा विचार केला आहे.

भूमी व हवामान

‘ओब्लास्त’ म्हणजे रशियन संघराज्याचा एक प्रशासकीय प्रांत. आमूर ओब्लास्तचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ६२ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानी घेतल्यास त्याच्या विस्ताराची कल्पना येईल. उत्तरेस स्तानोवोय पर्वतरांग व त्यापलीकडे याकुतिया, पश्चिमेस बैकालपलीकडचा झाबायकाल्स्की प्रदेश, पूर्वेस खाबारोव्स्क, आग्नेयेस यहुदी स्वायत्त ओब्लास्त आणि दक्षिणेस चीनचा हैलोंगज्यांग प्रांत अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. चीनशी असलेली सीमा १,२५० किलोमीटरहून अधिक लांबीची असून ती मुख्यतः आमूर नदीच्या पात्रातून जाते. शिल्का व आर्गुन या नद्यांच्या संगमापासून आमूर हे नाव सुरू होते. चिनी लोक तिला ‘काळ्या ड्रॅगनची नदी’ म्हणतात, आणि हैलोंगज्यांग या प्रांतनामाचा अर्थही तोच.

उत्तरेकडील दोन-तृतीयांश भाग डोंगराळ आहे. तेथे तैगा अरण्य पसरले असून जमिनीचा मोठा भाग वर्षभर आतून गोठलेला असतो. वस्ती व शेती दक्षिणेस, झेया व बुरेया या दोन उपनद्यांमधील मैदानात एकवटली आहे. येथील हवामानाचा एक विशेष आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे. ब्लागोवेश्चेन्स्क सुमारे ५० अंश उत्तर अक्षवृत्तावर, म्हणजे लंडनच्याही दक्षिणेस आहे. तरीही जानेवारीचे सरासरी तापमान तेथे शून्याखाली २० अंशांच्याही खाली जाते आणि जुलैमध्ये ते २१ अंशांच्या आसपास असते. सायबेरियावरून येणारे हिवाळी वारे कोरडे व बोचरे असतात, तर उन्हाळ्यात प्रशांत महासागराकडून मोसमी वारे पाऊस आणतात. वर्षभराच्या पर्जन्यापैकी मोठा वाटा जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो. सायबेरियातील बहुतेक नद्यांना पूर येतो तो वसंतात, बर्फ वितळल्यावर. आमूरला मात्र तो येतो ऐन पावसाळ्यात. २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील महापुरात खाबारोव्स्क येथे नदीची पातळी ८०८ सेंटीमीटरपर्यंत चढली. १८९७ मधील ६४२ सेंटीमीटरचा पूर्वीचा उच्चांक त्यामुळे फारच मागे पडला.

याच मोसमी पावसामुळे झेया-बुरेया मैदान हे सोयाबीनचे क्षेत्र बनले आहे. ब्लागोवेश्चेन्स्क येथे १९६८ पासून सोयाबीनसाठी स्वतंत्र संशोधन संस्था आहे. विदर्भ-मराठवाड्यातील खरिपाच्या पिकाचे हे दूरचे भावंड इतक्या थंड मुलखातही जून-सप्टेंबरच्याच पावसावर वाढते, याचे प्रथम वाचताना मला नवल वाटले होते.

वस्ती कशी झाली

घनतेचा विचार करताना आपण बहुधा आजचा आकडा घेतो आणि तो निसर्गदत्त असल्याप्रमाणे वागवतो. आमूरच्या दोन्ही काठांवरील वस्ती मात्र फार जुनी नाही. १६८९ च्या नेर्चिन्स्क करारानुसार या खोऱ्यावर छिंग साम्राज्याचा हक्क मान्य झाला व रशियन कझाकांनी येथील ठाणी सोडली. पुढे छिंग राज्यकर्त्यांनी आपल्या मांचू मायभूमीत हान शेतकऱ्यांनी वसू नये म्हणून निर्बंध घातले. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे खोरे दोन्ही बाजूंनी विरळच राहिले. १८५८ च्या आयगुन कराराने डावा, म्हणजे उत्तरेकडील काठ रशियाकडे आला आणि त्याच वर्षी ब्लागोवेश्चेन्स्कला शहराचा दर्जा मिळाला. त्यानंतर रशियाने कझाक व शेतकरी येथे आणून वसविले. रूढ ऑर्थोडॉक्स चर्चशी फारकत घेतलेले मोलोकान पंथीय लोकही आले व व्यापारात आणि आगबोटींच्या धंद्यात संपन्न झाले. चीनच्या बाजूनेही १८६० नंतर निर्बंध सैल झाले. शांतुंग व हबै प्रांतांतील लक्षावधी कुटुंबे उत्तरेकडे निघाली. म्हणजे आज ‘भरलेला’ दिसणारा काठही शे-दीडशे वर्षांत भरला आहे.

या इतिहासात एक काळे पान आहे व ते वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आयगुन करारात झेया नदीच्या पूर्वेस आधीपासून राहणाऱ्या छिंग प्रजाजनांना तेथेच राहण्याची मुभा होती. त्यांच्या वस्त्या ‘चौसष्ट गावे’ या नावाने ओळखल्या जात. जुलै १९०० मध्ये, बॉक्सर बंडाच्या काळात, पलीकडून तोफा डागल्या गेल्यावर रशियन अधिकाऱ्यांनी ब्लागोवेश्चेन्स्कमधील चिनी रहिवाशांना नदीकाठी हाकलून नेले आणि पोहून पलीकडे जाण्यास भाग पाडले. हजारो माणसे बुडाली वा मारली गेली व ती चौसष्ट गावेही नष्ट झाली. हा काठ विरळ का, याच्या उत्तरात हवामानाबरोबरच ही घटनाही येते.

सोव्हिएत काळात येथील लोकसंख्या वाढली ती राज्यसंस्थेच्या इच्छेने. सीमेवरील लष्करी ठाणी, दूरच्या प्रदेशांतील नोकरीसाठी मिळणारे वाढीव वेतन, खाणी, धरणे आणि १९७४ पासून नेटाने हाती घेतलेला बैकाल-आमूर लोहमार्ग यांच्या आधारे माणसे आणली गेली. लोहमार्गाची राजधानी म्हणविल्या गेलेल्या तिंदा या नगरात १९८९ मध्ये सुमारे ६२ हजार लोक होते. २०१० च्या जनगणनेत ते ३६ हजारांच्या आसपास उरले.

चीनमध्येही याच सुमारास हेच घडत होते. १९५९ मध्ये हैलोंगज्यांगमध्ये दाछिंगचे तेलक्षेत्र सापडले. ‘उत्तरेच्या महान ओसाडी’त निवृत्त सैनिकांना सरकारी शेतांवर पाठविण्यात आले आणि १९६८ नंतर शहरी तरुणांची रवानगीही तेथेच झाली. १९६९ मध्ये उस्सुरी नदीतील दामान्स्की बेटावर दोन्ही देशांच्या सैन्यांत रक्तपात झाला, तेव्हा काठांवर एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या, परंतु एकाच पद्धतीने वसविलेल्या दोन वसाहती उभ्या होत्या.

जनगणना काय सांगतात

१९८९ च्या सोव्हिएत जनगणनेत आमूर ओब्लास्तची लोकसंख्या सुमारे साडेदहा लाख होती. २००२ मध्ये ती सुमारे ९ लाख ३ हजार, २०१० मध्ये ८ लाख ३० हजार आणि २०२१ मध्ये ७ लाख ६७ हजार झाली. म्हणजे बत्तीस वर्षांत २७ टक्के घट. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार होती. महाराष्ट्राहून मोठ्या असलेल्या या प्रांतात आज सिंधुदुर्गाहूनही कमी माणसे राहतात. घनता येते दर चौरस किलोमीटरला अवघी २.१.

हैलोंगज्यांगची घनता साधारण ७० भरते. दोन आणि सत्तर हे आकडे शेजारी ठेवले की ‘दाबा’चे चित्र आपोआप उभे राहते. पण आकडा कोणत्या पातळीवर काढला, हे येथे निर्णायक ठरते. आमूरलगतचा हैहे हा विभाग घेतल्यास २०२० च्या चिनी जनगणनेत तेथे सुमारे १२ लाख ८६ हजार लोक होते, व क्षेत्रफळ ६८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे घनता उतरते ती १९ वर. आता प्रत्यक्ष काठावर येऊन उभे राहू. ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये २०२१ मध्ये सुमारे २ लाख ४१ हजार लोक होते. ओब्लास्तमधील जवळजवळ दर तिसरा माणूस या एकाच शहरात राहतो. समोर, एक किलोमीटरहून कमी रुंदीच्या पात्रापलीकडे, हैहे शहरात सुमारे दोन लाख. प्रांतांच्या सरासरीत जो पस्तीसपट फरक दिसतो, तो नदीकाठी नाहीसा होतो.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती बदलाची दिशा. हैलोंगज्यांगची लोकसंख्या २०१० मध्ये ३ कोटी ८३ लाख होती. २०२० मध्ये ती ३ कोटी १८ लाख ५० हजार झाली. दहा वर्षांत ६४ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. २०१० मध्ये रशियाच्या समग्र अतिपूर्व विभागाची लोकसंख्या सुमारे ६३ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटीचे प्रमाण कळते. ज्या ‘भरलेल्या’ प्रांताच्या दाबाची भीती बाळगली जात होती, त्याने एका दशकात अख्ख्या अतिपूर्व रशियाइतकी माणसे गमावली. आणि ती उत्तरेकडे गेली नाहीत. हैहे विभागाची लोकसंख्या याच दहा वर्षांत १६ लाख ७४ हजारांवरून वर दिलेल्या आकड्यावर, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी खाली आली. आमूर ओब्लास्तला जेवढी घट होण्यास तीन दशके लागली, जवळपास तेवढी हैहेने एकाच दशकात अनुभवली.

कारणे दोन्हीकडे सारखीच आहेत. १९९२ नंतर रशियन राज्याने वाढीव वेतनाचा व अनुदानाचा हात आखडता घेतला आणि आणलेली माणसे पश्चिमेकडे परतू लागली. १९९० च्या दशकात ईशान्य चीनमधील सरकारी कारखान्यांनी लाखो कामगारांना घरी बसविले आणि तरुण पिढी बीजिंग, तिआनजिन, शांतुंग व दक्षिणेच्या किनारी शहरांकडे निघाली. जन्मदरही दोन्हीकडे घसरला. हैलोंगज्यांगमधील एकूण जननदर तर दर स्त्रीमागे एका अपत्याच्याही खाली गेला आहे. याच प्रांतातील हगांग हे कोळशाचे शहर २०१९ मध्ये चीनभर गाजले ते तेथील सदनिका कवडीमोलाने विकल्या जात असल्यामुळे.

माणसे अधिक घनतेकडून कमी घनतेकडे जात नाहीत; ती कमी मजुरीकडून अधिक मजुरीकडे, कमी संधीकडून अधिक संधीकडे जातात, आणि बहुधा ती वाट विरळ प्रदेशातून दाट प्रदेशाकडेच जाते. हे समजण्यास आपणास आमूरपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि कोकणातील माणूस पिढ्यानपिढ्या ज्या मुंबईकडे जात आला, ती देशातील अतिदाट शहरांपैकी एक आहे.

मग १९९० च्या दशकात ब्लागोवेश्चेन्स्कच्या बाजारांत दिसणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांचे काय? ते आले होते हे खरेच. १९८७ मध्ये हैहेची कलिंगडे आणि सोव्हिएत रासायनिक खत यांच्या अदलाबदलीतून सीमाव्यापार पुन्हा सुरू झाला आणि पाहता पाहता फोफावला. परंतु त्यातले बहुतेक लोक वसण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी आले होते. माल वाहण्याचे काम रशियन लोकच करीत. करमुक्त मर्यादेतील गाठोडी घेऊन फेऱ्या मारणाऱ्या भाडोत्री हमालांना ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये ‘किरपिच’, म्हणजे ‘वीट’, असे नाव पडले होते. रशियातील काही निवृत्तिवेतनधारकांनी तर आपली घरे भाड्याने देऊन स्वस्ताईसाठी हैहेत बिऱ्हाड केले. २०१४ मध्ये रूबल गडगडला व चीनमधील मजुरी वाढलेलीच होती. त्यानंतर रशियात कष्टाला येणे अनेक चिनी कामगारांना परवडेनासे झाले.

येथे अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. नोव्हेंबर २०१८ मध्ये बुर्यातिया व झाबायकाल्स्की हे दोन प्रदेश अतिपूर्व संघीय विभागास जोडण्यात आले. त्यामुळे त्या वर्षाच्या आधीचे व नंतरचे आकडे सरळ एका तक्त्यात मांडल्यास या विभागाची लोकसंख्या एकाएकी वाढल्याचा भास होतो.

माणसे वसविण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. २०१६ च्या कायद्याने नागरिकांना एक हेक्टर जमीन विनामूल्य देऊ केली. तिला ‘अतिपूर्व हेक्टर’ म्हणतात. २०१९ च्या अखेरीस दोन टक्के व्याजाचे गृहकर्ज आले. २०२१ ची जनगणना या उपायांनंतरची आहे, आणि तिचा आकडा वर दिलाच आहे.

साधनसंपत्तीचा प्रवास

सीमा ओलांडते ती मुख्यतः साधनसंपत्ती. सोने येथे एकोणिसाव्या शतकापासून काढले जाते. लाकूड, कोळसा व सोयाबीन हेही जुनेच. नव्या काळातील दोन बाबींकडे मात्र थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिली वीज. झेया धरणाची १,३३० मेगावॅट आणि बुरेया धरणाची २,०१० मेगावॅट क्षमता या प्रांताच्या गरजेहून अधिक होती. २०१२ मध्ये नदीवरून ५०० किलोव्होल्टची वाहिनी टाकण्यात आली आणि पंचवीस वर्षांसाठी एकूण १०० अब्ज युनिट वीज चीनला विकण्याचा करार अमलात आला. दहा वर्षांतच चित्र बदलले. लोहमार्गांचा विस्तार व नवे उद्योग यांमुळे अतिपूर्व भागातच विजेचा तुटवडा भासू लागला आणि २०२३ पासून निर्यात मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली. ‘अतिरिक्त’ साधनसंपत्ती ही कायमची अतिरिक्त नसते, याचे हे चांगले उदाहरण वर्गात देता येईल.

दुसरी बाब नैसर्गिक वायू. मे २०१४ मध्ये झालेल्या तीस वर्षांच्या करारानुसार ‘पॉवर ऑफ सायबेरिया’ ही वायुवाहिनी याकुतियातील चायांदा क्षेत्रापासून ब्लागोवेश्चेन्स्कजवळील सीमेपर्यंत आणली गेली व २ डिसेंबर २०१९ रोजी पुरवठा सुरू झाला. वर्षाला ३८ अब्ज घनमीटर ही कराराची पातळी २०२४ च्या अखेरीस गाठली गेली. वाहिनीतील वायूमधून हेलियम, इथेन आदी घटक वेगळे करण्यासाठी स्वोबोदनी शहराजवळ वर्षाला ४२ अब्ज घनमीटर क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. त्याच्या काही शाखा जून २०२१ मध्ये सुरू झाल्या. बांधकामाच्या ऐन भरात तेथे तीस हजारांहून अधिक कामगार होते. चालू झालेल्या प्रकल्पास लागतात ती काही हजार माणसे. याच परिसरातील व्होस्तोच्नी अंतराळतळाची गोष्टही फारशी निराळी नाही. (ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरण्याच्या चार दिवस आधी चंद्रावर कोसळलेले लूना-२५ हे यान येथूनच सोडले गेले होते.) अशा प्रकल्पांत गुंतवणूक प्रचंड असते, परंतु त्यांच्याभोवती गावे वाढत नाहीत.

या वायुवाहिनीस एकच टोक आहे आणि त्या टोकाशी एकच ग्राहक. युरोपकडे जाणारा वायू २०२२ नंतर मोठ्या प्रमाणात अडला, तेव्हा तो इकडे वळविता आला नाही, कारण पश्चिम सायबेरियातील क्षेत्रे या वाहिनीस जोडलेलीच नाहीत. भावाच्या वाटाघाटीत याचा लाभ कोणास होतो, हे सांगावयास नको. शतकभर ज्या भीतीचे चित्र ‘पिवळ्या लोंढ्या’च्या रूपाने रंगविले गेले, ती चुकीच्या जागी शोधली गेली, असे माझे मत आहे. रशियाचे येथील परावलंबन लोकसंख्येतून आलेले नाही. ते वाहिन्या, दर आणि एकाच खरेदीदाराशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांतून आले आहे. जनगणनेच्या तक्त्यात ते दिसणार नाही.

ब्लागोवेश्चेन्स्क व हैहे यांमध्ये कित्येक वर्षे पूल नव्हता. उन्हाळ्यात बोटी, नदी गोठताना व वितळताना हवेच्या गादीवर चालणारी होव्हरक्राफ्ट आणि कडक हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून बसगाड्या अशी ये-जा चाले. सुमारे १,०८० मीटर लांबीच्या पुलाचे बांधकाम २०१९ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर कोरोनाची साथ आली आणि उद्घाटन लांबले. १० जून २०२२ रोजी तो खुला झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी मालमोटारी निघाल्या. प्रवाशांना त्या दिवशी पुलावरून जाण्याची परवानगी नव्हती.